आधी बकऱ्याचा डोळा, मग माणसाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ऑपरेशन मोठे डॉक्टरच करणार ना? शिकाऊ डॉक्टर नाहीत ना?’ मोतीबिंदूसाठी आईला किंवा वडिलांना मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात दाखल करताना घरचे लोक हा प्रश्न हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र बहुतेक वेळा ‘काळजी करू नका’ एवढेच मिळते. वस्तुस्थिती अशी की, एम.एस. किंवा डी.एन.बी. हे पदव्युत्तर शिक्षण घेणारे रेसिडेंट डॉक्टर तिथे शस्त्रक्रिया शिकतात आणि त्यांनी ती तिथेच शिकायला हवी. पदवी घेऊन ते चंदगडला, शाहूवाडीला किंवा इचलकरंजीला दवाखाना थाटतील तेव्हा शेजारी उभे राहून ‘थांब’ म्हणणारे कोणी नसेल. चौकशी करायचीच तर ती अशी करावी : माणसाच्या डोळ्याला हात लावण्याआधी या डॉक्टरने सराव कशावर केला, किती केला आणि तो कोणी पाहिला?

२०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतील ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले. तेव्हा तीन वर्षांच्या रेसिडेन्सीत बाकी काही कमी-जास्त झाले तरी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हातात बसलीच पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. ती दहा-पंधरा मिनिटांत उरकते, टाका नसतो, दुसऱ्या दिवशी पट्टी निघते, म्हणून ती सोपी असा समज झाला आहे. प्रत्यक्षात सगळे काम बुबुळामागच्या जेमतेम ३ मिलिमीटर खोलीच्या जागेत चालते. वर कॉर्निआच्या (बुबुळाच्या पारदर्शक पडद्याच्या) आतल्या अस्तराच्या पेशी, ज्या एकदा गेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. खाली भिंगाच्या पिशवीचा मागचा पडदा, मध्यभागी सुमारे ४ मायक्रॉन जाडीचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज यावा. बघून बघून हे येत नाही. शंभर शस्त्रक्रियांना मदतनीस म्हणून बसलेल्या रेसिडेंटच्या हाती ब्लेड दिले की पहिल्याच टनेलमध्ये, म्हणजे डोळ्यात शिरायच्या बोगद्यात, ते कळते.

टनेलचेच उदाहरण घेऊ. आपल्याकडच्या बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेत, म्हणजे एसआयसीएसमध्ये, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बुबुळाच्या कडेपासून दीड-दोन मिलिमीटर मागे ६ ते साडेसहा मिलिमीटर लांबीची, रुसलेल्या ओठांसारखी खाली वळलेली खाच घेतात. खाच पांढऱ्या पडद्याच्या साधारण अर्ध्या जाडीची हवी. मग क्रेसेंट ब्लेडने त्याच थरातून पुढे सरकत कॉर्निआत एक-दीड मिलिमीटर शिरायचे. आतले तोंड बाहेरच्यापेक्षा रुंद ठेवायचे, म्हणजे न्यूक्लियस (भिंगाचा कठीण गाभा) सहज बाहेर येतो आणि तोंड आपोआप मिटते. खाच उथळ झाली तर छत पातळ होऊन त्याला भोक पडते. खोल झाली तर ब्लेड वेळेआधी आत घुसते, बाहुलीचा पडदा जखमेतून बाहेर डोकावू लागतो आणि पुढची सगळी शस्त्रक्रिया त्याला आत ढकलण्यात जाते. टनेल अरुंद झाला तर न्यूक्लियस तिथे अडतो. घाबरलेला हात जोर लावतो, न्यूक्लियस वरच्या पेशींवर घासतो आणि दुसऱ्या दिवशी कॉर्निआ सुजून दुधी दिसतो. केराटोम, म्हणजे शेवटी आत शिरायचे टोकदार ब्लेड, बोथट असेल तर कॉर्निआचा आतला पडदा सोलून निघतो. ब्लेड योग्य थरात आहे की नाही हे ओळखायची खूण एकच : छतातून ब्लेडची धार अंधूक दिसली पाहिजे. फार स्पष्ट दिसली तर वर आहात, दिसेनाशी झाली तर खाली. ही ‘अंधूक’ किती, हे पुस्तकात लिहिता येत नाही. निदान वीस टनेल केल्यावर ते डोळ्यात बसते, आणि ते पहिले वीस टनेल कोणाच्या आजीच्या डोळ्यात होऊ नयेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

यासाठी वेट लॅब लागते. नाव भारदस्त असले तरी प्रत्यक्षात ती एक खोली असते : जुना पण चांगला मायक्रोस्कोप, वेगळा ठेवलेला हत्यारांचा संच, फ्रीज आणि सरावासाठी प्राण्यांचे डोळे. या शेवटच्या बाबतीत कोल्हापूरचा हेवा मोठमोठ्या संस्थांनाही वाटावा. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात बकऱ्याच्या डोळ्यांचा तुटवडा पडायचा म्हटला तरी पडणार नाही. अडचण एकच आहे आणि ती मटणाच्या दुकानात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. गिऱ्हाइकाला देण्याआधी मुंडी जाळावर धरून केस जाळतात. भाजलेल्या मुंडीतला डोळा आपल्या कामाचा नाही. बुबुळ पांढरेफटक होते आणि आतले काही दिसत नाही. म्हणून दुकानदाराशी आदल्या दिवशी ठरवून, मुंडी जाळावर जायच्या आधी डोळे काढून घ्यावे लागतात. काढताना भोवतीचा पातळ पडदा थोडा आणि मागे नसेचा बुंधा ठेवायला सांगावा. सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात, ४ अंशांना ठेवावेत. फ्रीजरमध्ये टाकले तर कॉर्निआ गढूळ होतो. त्याच दिवशी वापरलेले उत्तम, चोवीस तासांपुढे नकोत.

काढलेला डोळा तासाभरात मऊ पडतो आणि मऊ डोळ्यावर ब्लेड नीट चालत नाही. नसेच्या बुंध्यातून २६ नंबरच्या सुईने थोडे सलाइन आत सोडायचे. बोटाने दाबल्यावर जिवंत डोळ्याइतका ताठ लागला की थांबायचे. जास्त भरले तर पिशवी पुढे उसळते आणि रेक्सिस, म्हणजे पिशवीच्या पुढच्या पडद्यात गोल तोंड करणे, बिघडतो. थर्मोकोलच्या डोक्याला खोबणी करून त्यात डोळा टाचण्यांनी बसवावा. टेबलावर सपाट ठेवलेल्या डोळ्यावर शिकलेला हात खऱ्या रुग्णाच्या कपाळावर टेकवता येत नाही, कारण भुवईचे हाड मध्ये येते. ही गोष्ट छोटी वाटली तरी पहिल्या दहा केसेसमध्ये तीच नडते. काम संपले की डोळे जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत, आणि तिथली हत्यारे रुग्णांच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) परत न्यायची नाहीत, हा नियम पाळायचाच.

बकऱ्याचा डोळा माणसाच्या डोळ्यासारखा नाही, हे खरे. भिंग मोठे आणि मऊ असते, त्यात मोतीबिंदू नसतो, आणि पिशवी लहान मुलाच्या पिशवीसारखी लवचिक असते. त्यामुळे रेक्सिस इथे अवघड जातो. फाडलेली कड सारखी बाहेरच्या बाजूला पळते. पण तेच चांगले. पळणारी कड आत वळवायला शिकायचे तर ती आधी पळायला हवी. पडदा ज्या दिशेने न्यायचा त्याच्या उलट, मागे आणि मध्याकडे ओढायचा. त्याआधी व्हिस्को (डोळ्यातली जागा फुगवून धरणारे घट्ट जेल) भरून पिशवी सपाट करायची. घड्याळाच्या तबकडीवर तास-दीड तासाचे असते तितके अंतर गेल्यावर दरवेळी चिमट्याने कड नव्याने, मुळाजवळ धरायची. कड लांबून धरून ओढणारा हमखास चुकतो. पडदा नीट दिसावा म्हणून वापरतात तो निळा रंग, ट्रायपॅन ब्ल्यू, ओटीत कुपीत उरलेला सरावाला पुरतो. कठीण न्यूक्लियस हवा असेल तर डोळा मायक्रोवेव्हमध्ये काही सेकंद ठेवतात. जरा जास्त झाले की कॉर्निआ दुधी होतो, त्यामुळे एक-दोन डोळे वाया जाणार हे धरून चालावे. हा मायक्रोवेव्ह चहा गरम करायचा नसावा, हे सांगायला हवे असे वाटत नाही, पण सांगतो.

सिम्युलेटर आले आहेत, ते चांगलेही आहेत. फेकोचे (अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडण्याच्या यंत्राचे) पेडल आणि रेक्सिस त्यांच्यावर छान शिकता येतात आणि यंत्र गुण देते, त्यात वशिला चालत नाही. पण त्यांची किंमत पाहता ‘सिम्युलेटर मंजूर झाला की सराव सुरू करू’ हे उत्तर टोलवाटोलवीचे आहे. डोळे सकाळी दुकानात मिळतात.

यानंतर ओटी. इथे आमचे मत ठाम आहे : पूर्ण केस एकदम हातात देऊ नये आणि शिकवण्याचा क्रम शेवटाकडून सुरू करावा. रेसिडेंटने आधी फक्त व्हिस्को धुऊन काढावे आणि साइड पोर्ट (कडेचे छोटे छिद्र) सलाइनने फुगवून बंद करावे. दहा-पंधरा केसेसमध्ये ते जमले की लेन्स बसवावी. मग सिमको कॅन्युलाने (पाणी सोडणाऱ्या व शोषणाऱ्या बारीक नळीने) उरलेला कॉर्टेक्स, म्हणजे भिंगाचा मऊ भाग, धुवावा. त्यानंतर टनेल, मग रेक्सिस, आणि सगळ्यात शेवटी न्यूक्लियस पुढे आणणे व वेक्टिसने (चमच्यासारख्या हत्याराने) काढणे. यात फायदा असा की शिकणाऱ्याला सुरुवातीच्या पायऱ्यांत वरिष्ठांच्या हातची नीट केलेली केस मिळते आणि त्याची पायरी संपली की शस्त्रक्रियाही संपते. उलट क्रमाने गेले तर त्याच्याच वाकड्या टनेलवर त्याला पुढची पायरी शिकावी लागते, आणि चूक नेमकी कुठली हे कोणालाच कळत नाही. केसही निवडून द्यावी : बाहुली चांगली मोठी होणारी, मोतीबिंदू मध्यम, रुग्ण शांत झोपणारा. एकच डोळा शाबूत असलेला रुग्ण, बाहुलीच्या कडेला पांढरी भुकटी दिसणारा डोळा, पूर्ण पिकून पांढरा झालेला मोतीबिंदू हे पहिल्या वर्षाच्या हाती देऊ नयेत. वेळेची मर्यादाही आधीच ठरलेली असावी. एका पायरीवर हात दहा मिनिटे अडला की वरिष्ठांनी खुर्ची घ्यायची. त्यात कमीपणा नाही आणि वादही नाही.

पंधरा केसेसची यादी दुपारी एकच्या आत संपवायची असेल तर यातले काहीही होत नाही. आठवड्यातून एक दिवस, एक टेबल, चार केसेस फक्त शिकवण्यासाठी राखून ठेवल्या तरच होते. शिकवणाऱ्याला मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या नळीतून तोच डोळा दिसला पाहिजे. बाजूला उभे राहून ‘बरोबर चाललंय’ म्हणणे ही देखरेख नव्हे. चित्रफीत घ्यावी आणि त्याच संध्याकाळी पाहावी. स्वतःचा टनेल पडद्यावर पाहताना जे शिकता येते ते रागावून शिकवता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जिचा विचार क्वचित होतो. रुग्ण जागा असतो. फक्त डोळ्याभोवती भूल दिलेली असते, कान उघडे असतात. ‘अरे, काय केलंस!’ किंवा ‘फाटलं वाटतं’ हे त्याला स्वच्छ ऐकू येते, त्याचा रक्तदाब चढतो, डोळ्यातला दाबही चढतो, आणि चुकलेले आणखी चुकते. म्हणून ओटीत शब्द ठरवून घ्यावेत. ‘थांबा’ म्हणजे हात आहे तिथे स्थिर, काही ओढायचे नाही. ‘व्हिस्को’ म्हणजे साइड पोर्टमधून व्हिस्को भरायचे. ‘मी बसतो’ म्हणजे खुर्ची सोडायची. बाकी सगळी चर्चा बाहेर.

हे शब्द सगळ्यात जास्त उपयोगी पडतात ते मागचा पडदा फाटतो तेव्हा. कितीही काळजी घेतली तरी शिकताना हे कधी ना कधी होते आणि मुरलेल्या हातांकडूनही होते. त्याची चाहूल लागते : पुढची जागा अचानक खोल होते, बाहुली एकदम हलते, न्यूक्लियस एका बाजूला कलंडतो किंवा कॅन्युलाकडे येईनासा होतो. अशा वेळी नवख्या हाताची पहिली प्रतिक्रिया म्हणजे दचकून हत्यार बाहेर काढणे, आणि नुकसान तिथेच होते. हत्यार निघाले की पुढची जागा कोसळते, मागचा जेलीसारखा व्हिट्रियस पुढे उसळतो आणि छोटी चीर मोठी होते. करायचे ते असे : हत्यार आत तसेच ठेवायचे, दुसऱ्या हाताने साइड पोर्टमधून व्हिस्को भरून चीर दाबून धरायची आणि मगच हत्यार बाहेर. फेको चालू असेल तर पेडलवरून पाय उचलायचा नाही. पहिल्या टप्प्यावर ठेवून पाणी सुरू ठेवायचे, व्हिस्को गेल्यावर सोडायचे. पुढे व्हिट्रेक्टॉमी कटरने व्हिट्रियस साफ करायचा, जखमेत एकही तंतू अडकू द्यायचा नाही. या साऱ्याचा सराव बकऱ्याच्या डोळ्यावर मुद्दाम पडदा फोडून करता येतो. विमानाच्या पायलटकडून इंजिन बंद पडल्याचा सराव करून घेतात. इथे तर डोळे दुकानात मिळतात.

फेकोबद्दल थोडे. लोक त्याला ‘लेझरचे ऑपरेशन’ म्हणतात. फेको म्हणजे लेझर नव्हे. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स केलमन यांनी सुरू केलेल्या या पद्धतीत अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी न्यूक्लियस फोडून शोषून घेतात. पेशंटला फेको हवा असतो, म्हणून रेसिडेंटलाही पहिल्या दिवसापासून फेकोच हवा असतो. आमचे मत वेगळे आहे. आधी एसआयसीएस. राधानगरी-गगनबावड्याकडून येणारे मोतीबिंदू अजूनही बरेचदा तपकिरी, दगडासारखे असतात आणि त्यांच्यासाठी ती पद्धत चांगली आहे. शिवाय फेको मध्येच फसला तर टनेल करून न्यूक्लियस सुखरूप बाहेर काढता येणे ही परतीची वाट आहे. ती वाट न येणाऱ्याने फेकोच्या वाटेला जाऊ नये. पण रेसिडेन्सी संपेपर्यंत फेको शिकवायचाच नाही, हेही चूक. तसे झाले की पदवीनंतर मुले दर केसमागे पैसे मोजून कुठेतरी शिकायला जातात. तीन वर्षांच्या शिक्षणात जे यायला हवे होते ते विकत घ्यावे लागणे ही शिक्षणाची नामुष्की आहे.

आता लॉगबुक. ते सक्तीचे आहे, भरलेही जाते, पण एका केसची नोंद तिघांच्या वह्यांत ‘केली’ म्हणून असेल तर त्या वहीला किंमत काय? अमेरिकेत रेसिडेंटने प्रमुख शल्यचिकित्सक म्हणून किमान ८६ मोतीबिंदू करावेत असा दंडक आहे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेजने अनेक वर्षे ३५० हा आकडा धरला होता. आकडा कोणताही असो, त्याला निकालाची जोड नसेल तर तो पोकळ. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी असाव्यात : कोणती पायरी स्वतः केली, वरिष्ठांनी कुठे हात घातला, काय बिघडले, आणि सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय व चष्म्यासह नजर किती. जागतिक आरोग्य संघटनेची जुनी कसोटी सोपी आहे : शस्त्रक्रियेनंतर शंभरातल्या किमान ८० जणांना, जवळ असेल तर त्या चष्म्यासह, ६/१८ (निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसते ते ६ मीटरवरून दिसणे) किंवा त्याहून चांगले दिसावे, आणि ६/६० पेक्षा वाईट नजर पाचांपेक्षा कमी जणांत राहावी. सहा आठवड्यांनी रुग्ण परत येत नाही, ही खरी अडचण. बसभाडे, शेतीची कामे, सोबत यायला कोणी नाही. आशाताईंना यादी दिली आणि तपासणीचा दिवस गावाच्या बाजाराच्या दिवसाला जोडला तर हजेरी वाढू शकते. हाताच्या कौशल्याचे गुण देण्यासाठी आंतरराष्ट्रीय नेत्रपरिषदेचा तयार तक्ता आहे; त्यात प्रत्येक पायरीला नवशिक्यापासून सक्षमपर्यंत गुण असतात. भरायला पाच मिनिटे लागतात.

संमतिपत्राचेही तेच. ‘तुमच्या शस्त्रक्रियेतील काही भाग शिक्षण घेणारे डॉक्टर करतील, वरिष्ठ डॉक्टर पूर्ण वेळ शेजारी असतील’ एवढे वाक्य मराठीत, वाचून दाखवून, सहीआधी सांगावे. नको म्हणणाऱ्याचा हक्क मान्य करावा. बहुतेक लोक हो म्हणतात; लपवल्याचा राग येतो, शिकवण्याचा येत नाही.

२०२३ च्या नियमांनुसार पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालय पातळीवर काम करावे लागते. हे तीन महिने ओपीडीत चष्म्याचे नंबर काढण्यात जाऊ नयेत. जिथे चालू मायक्रोस्कोप आणि शिकवायला तयार तज्ज्ञ आहे, अशाच ठिकाणी त्यांना पाठवावे.

मोतीबिंदूपलीकडेही हात लागतोच, आणि आपल्या जिल्ह्यात तो दोन ठिकाणी विशेष लागतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ग्राइंडिंग करताना लोखंडाचा कण बुबुळात रुततो. तो स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या तपासणी यंत्रावर) २६ नंबरच्या सुईने काढून गंजाचे कडेही खरवडून घ्यावे लागते. हातोडी-छिन्नी चालवताना उडालेला कण आत शिरल्याचा संशय असेल तर सीटी स्कॅन करायचा, एमआरआय चुकूनही नाही, कारण चुंबकाने कण आतल्या आत सरकतो. दुसरे म्हणजे ऊस. पाचटाची धार बुबुळाला लागते, दोन-चार दिवसांत बुरशीचा व्रण होतो, त्यातच मेडिकलमधून आणलेले स्टिरॉइडचे थेंब पडतात आणि डोळा हाताबाहेर जातो. अशा वेळी व्रण खरवडून, त्यावर केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहणे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला यायला हवे. फाटलेले बुबुळ शिवायला टेन-झिरो नायलॉन लागते : टाका कॉर्निआच्या ९० टक्के खोलीतून, गाठ तीन-एक-एक वेढ्यांची, मग गाठ फिरवून आत पुरलेली. उथळ टाक्याने आतली बाजू उघडी राहते, आरपार गेलेल्या टाक्यातून पाणी झिरपते आणि जंतूंना वाट मिळते. घट्ट ओढलेला टाका बुबुळ चुरगळतो आणि चष्म्याचा नंबर वाकडा होऊन बसतो. हा धागा नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो, त्यामुळे तो न तोडता बांधायलाच पहिले काही दिवस जातात. दिवाळीनंतर ऊसतोडीचे तांडे जिल्ह्यात उतरतात. त्याआधी प्रत्येक नव्या रेसिडेंटच्या हातून बकऱ्याच्या बुबुळावर असे निदान पन्नास टाके घालून झालेले असावेत, आणि ते वरिष्ठांनी मायक्रोस्कोपखाली मोजलेले असावेत.

आपले,
काही नेत्रशल्यचिकित्सक,
कोल्हापूर